झुकते माप

आमच्या आजोबांचे खाडीकाठच्या एका गावात किराणा मालाचे दुकान होते. दुकान म्हणजे ओटीवरची एक खोली, चार-पाच पोती, तेलाचा डबा आणि आढ्याला टांगलेला तराजू. वजनमापे खात्याचा माणूस ठरावीक काळाने येई आणि वजने तपासून त्यांवर शिक्का मारून जाई. मी एकदा विचारले, "हा माणूस आलाच नाही तर?" आजोबा म्हणाले, "तो कधीतरी येतो. तराजू रोज हातात असतो."

तांदूळ तोलताना दोन्ही पारडी समान आली तरी त्यांचा हात थांबत नसे. गिऱ्हाइकाचे पारडे खाली झुकेपर्यंत ते आणखी एक मूठ टाकत. यात नुकसान होत नाही का, असे कोणी म्हटले की त्यांचे उत्तर ठरलेले असे, "समान तोललं तर शंका राहते. शंका आपल्या बाजूला ठेवावी, गिऱ्हाइकाच्या नाही."

हे सारे आता आठवण्याचे कारण म्हणजे आजच्या बाजारात आलेला एक नवा माल. हा माल टनावर विकला जातो, त्याचे प्रमाणपत्र मिळते आणि जगातल्या नामांकित कंपन्या तो विकत घेतात. पण तो कोणत्याही तराजूत घालता येत नाही. समुद्राने हवेतून ओढून घेतलेला कार्बन डायऑक्साइड हा तो माल. ज्याला तराजू नाही असा माल प्रामाणिकपणे विकता येतो का? येत असेल तर कोणत्या अटींवर? हा प्रश्न विज्ञानाचा आहे, तसाच इमानाचाही आहे.

आधी समुद्राचा हिशेब पाहू. माणसे वर्षाला सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात. त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र मुकाट्याने पोटात घेतो. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवेतील या वायूची नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा त्याचे प्रमाण दहा लाखांत ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. समुद्राने आपला वाटा उचलला नसता तर हा आकडा कितीतरी मोठा असता. या उपकाराची किंमत समुद्र स्वतः मोजतो. औद्योगिक क्रांतीपासून त्याच्या पृष्ठभागावरील पाण्याची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. कालवे, शिंपले, प्रवाळ यांना कवच बांधणे त्यामुळे जड जात आहे.

यातून एक विचार पुढे आला. पोटात आम्ल वाढले की आपण मिल्क ऑफ मॅग्नेशिया घेतो. ते पांढरे औषध म्हणजे पाण्यात कालवलेले मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. हीच भुकटी समुद्रात टाकली तर? पाण्यातील कार्बन डायऑक्साइडचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये होईल. बायकार्बोनेट हवेत सहजी परतत नाही, हजारो वर्षे विरघळलेल्या अवस्थेत टिकू शकते. पाण्यात जी जागा रिकामी झाली, ती भरण्यासाठी समुद्र हवेतून आणखी वायू ओढून घेईल. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात काही खोटे नाही. खडक झिजून, पावसाबरोबर नद्यांत वाहून निसर्ग हेच काम लाखो वर्षे सावकाश करत आला आहे.

कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात २०२३ पासून प्लॅनेटरी नावाची कंपनी हे करून पाहत आहे. टफ्ट्स कोव्ह येथे एक वीजकेंद्र आहे. त्याच्या यंत्रांना थंड करून बंदरात परतणाऱ्या पाण्यात ही भुकटी मिसळली जाते. ते वीजकेंद्र नैसर्गिक वायू आणि तेल जाळते. म्हणजे धुराडे वर धूर सोडते आणि त्याच केंद्राच्या सांडपाण्यातून धुराचे औषध समुद्रात जाते. आपल्या काळाचे याहून बोलके चित्र मिळणे कठीण आहे. डलहौसी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ तेथे मोजमापे घेतात. पाणी कोठे जाते हे कळावे म्हणून त्यांनी बंदरात तांबडा रंग सोडूनही पाहिला. या कामाची पहिली प्रमाणित क्रेडिट्स २०२५ साली निघाली, तीही काही शे टनांची. ४० अब्जांपुढे हा आकडा नगण्य वाटेल. पण बाजार मांडला गेला, एवढे खरे.

आता तराजूकडे येऊ. समुद्राच्या पाण्यात किती कार्बन विरघळला आहे, हे प्रयोगशाळेत फार बारकाईने मोजता येते. मात्र त्यासाठी खात्रीचे वजन लागते. वजनमापे खात्याच्या शिक्क्यासारखे काहीतरी. तसे वजन जगात आहे आणि ते चक्क बाटलीत मिळते. अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकापासून समुद्राचे पाणी निर्जंतुक करून, मोजून, बाटल्यांत भरून जगभर पुरवले. त्या बाटलीवरच्या आकड्याशी जुळवून शास्त्रज्ञ आपापली यंत्रे पारखतात. कोविडच्या काळात या बाटल्यांचा पुरवठा अडखळला, तेव्हा देशोदेशींच्या प्रयोगशाळांची पंचाईत झाली. साऱ्या महासागरांच्या मोजणीचा भरवसा एका खोलीतल्या बाटल्यांवर इतका अवलंबून होता.

परंतु वजन खरे असले तरी माल पारड्यात यावा लागतो. अडचण तेथेच आहे. भुकटी पडल्याबरोबर समुद्र वायू ओढून घेत नाही. पाणी आणि हवा यांचा हा देवघेवीचा व्यवहार पुरा व्हायला महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक. तोवर ते पाणी बंदरातून बाहेर पडलेले असते, पसरलेले असते, शेकडो कोस दूर गेलेले असते. एक किलो समुद्रपाण्यात साधारण २००० सूक्ष्म-मोल कार्बन असतो आणि उत्तमातली उत्तम प्रयोगशाळा त्यातला एक-दोनचा फरक ओळखते. दूरवर पसरलेल्या भुकटीने केलेला फरक याहूनही लहान होतो. शिवाय समुद्र स्वतः स्थिर नसतो. दिवसा-रात्री, भरती-ओहोटीला, ऋतूऋतूला त्याचे आकडे बदलतात. त्या चढउतारात आपली भर शोधणे म्हणजे भर बाजारात आपल्याच दुकानातून गेलेली मूठभर तांदळाची दाणे शोधण्यासारखे आहे. आणि जे पाणी हवेशी व्यवहार पुरा होण्याआधीच खोल बुडाले, त्याने वायू ओढलाच नाही. ते पुन्हा वर केव्हा येईल, हे सांगायला पिढ्या जातील.

मग टनांचा आकडा येतो कोठून? तो संगणकावरील प्रतिमानातून येतो. प्रवाह, वारा, तापमान यांची गणिते मांडून एकदा भुकटीसह समुद्र चालवून पाहायचा, एकदा भुकटीशिवाय. दोहोंतला फरक म्हणजे विक्रीचा माल. यातला दुसरा समुद्र, जेथे कोणी काही टाकलेच नाही, तो कोणत्याही डोळ्याने पाहिलेला नाही. तो केवळ गणितात आहे. हे गणित खोटे आहे असे मी म्हणत नाही. पावसाचा अंदाजही अशाच गणितातून येतो आणि आपण त्यावर छत्री घेतो. पण अंदाजावर छत्री घेणे वेगळे आणि अंदाज टनाच्या भावाने विकणे वेगळे.

या फरकाचे मोल कळावे म्हणून लोखंडाच्या दोन गोष्टी सांगतो. दक्षिणेकडील समुद्रात लोहाचा तुटवडा असतो. तेथे थोडे लोह टाकले की सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतील, हवेतील कार्बन घेतील आणि मेल्यावर तो तळाशी नेतील, अशी कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाअखेर मांडली. २००९ साली भारत आणि जर्मनी यांनी मिळून हा प्रयोग दक्षिण अटलांटिकमध्ये केला. त्याचे नावच लोहाफेक्स. लोहा हा त्यातला आपला शब्द. आपल्याकडून गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्यात होती आणि डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी हे जर्मनीच्या व्हिक्टर स्मेटाचेक यांच्यासह मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. जहाज केपटाऊनहून निघाल्यावर पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली, जर्मन सरकारने काम थांबवून तपासणी केली आणि मग परवानगी दिली. ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडले गेले.

वनस्पती वाढल्या खऱ्या. पण तेथील पाण्यात सिलिका कमी होती. त्यामुळे काचेसारखे जड कवच बांधणाऱ्या, तळाशी जाऊ शकणाऱ्या डायटम वनस्पतींना वाढता आले नाही. ज्या वाढल्या त्या कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या प्राण्यांनी फस्त केल्या आणि त्या प्राण्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी खाल्ले. तळाशी फारसे काही गेले नाही. शास्त्रज्ञांनी परत येऊन हेच सांगितले, की आम्हांला वाटले होते तेवढा कार्बन खाली गेला नाही. त्यांना हे बिनदिक्कत सांगता आले, कारण त्यांनी काही विकलेले नव्हते. प्रयोग फसला तरी त्यातून मिळालेले सत्य फसवे नव्हते.

दुसरी गोष्ट २०१२ ची. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत हैदा ग्वाई बेटांवर मूळ रहिवाशांचे एक छोटे गाव आहे, ओल्ड मॅसेट. सामन मासा परत यावा आणि कार्बन क्रेडिटही विकता यावे, या आशेने गावकऱ्यांनी पंचवीस लाख डॉलरच्या घरात पैसा उभा केला. एका उद्योजकाच्या सल्ल्याने सुमारे १०० टन लोहयुक्त पदार्थ समुद्रात टाकला गेला. पाणी हिरवे झाले, उपग्रहाच्या चित्रातही दिसले. पण तळाशी किती कार्बन गेला, हे कोणाला सिद्ध करता आले नाही. क्रेडिटची आशा फोल ठरली. हिरवे पाणी दिसले म्हणजे माल तोलला गेला, असे होत नाही. येथे भुर्दंड पडला तो गरीब गावाला.

लोहाफेक्सची क्रेडिट्स आधीच विकली गेली असती तर? तोच निष्कर्ष तितक्याच मोकळेपणाने जाहीर झाला असता का? कोणा शास्त्रज्ञाच्या नियतीवर मी संशय घेत नाही. मी फक्त इतकेच म्हणतो, की माणसाच्या सचोटीवर आगाऊ घेतलेल्या पैशाचे ओझे टाकू नये. सचोटी भक्कम असली तरी ते ओझे तिला वाकवू पाहते.

हा पेच आपल्याला अपरिचित नाही. मदिना हे खजुराच्या बागांचे गाव. झाडावरचा ओला खजूर नुसत्या अंदाजाने धरायचा आणि त्याच्या बदल्यात मापून घेतलेला सुका खजूर द्यायचा, असा व्यवहार तेथे चाले. त्याला मुझाबना म्हणत. पैगंबरसाहेबांनी तो मना केला. एका बाजूला मापलेले, दुसऱ्या बाजूला अंदाजाचे, अशी अदलाबदल न्यायाची नव्हे. पाण्यातला मासा पकडण्याआधी विकू नये, हे उदाहरणही फिकहच्या ग्रंथांत याच संदर्भात येते. मात्र त्याच हदीसींत एक सवलतही आहे. ज्याच्या घरी सुका खजूर आहे पण ताज्या फळासाठी पैसा नाही, अशा गरजूंसाठी झाडावरच्या फळाचा अंदाज करून बदला करण्याची मुभा दिली गेली. तिला अराया म्हणतात आणि तिला पाच वस्कची मर्यादा आहे. म्हणजे अंदाज हा हराम नव्हे. गरज खरी असेल आणि प्रमाण लहान असेल तर अंदाजालाही जागा आहे. मी आलिम नाही, फतवा देत नाही. पण या दोन नियमांतली समज आजच्या प्रश्नाला लावून पाहावीशी वाटते.

कार्बन क्रेडिट कशासाठी विकत घेतात? बहुतेकदा आपल्या धुराची वजावट करण्यासाठी. विमान कंपनीने जाळलेले इंधन लिटरमध्ये मोजलेले असते. त्याचा धूर निश्चित आहे, आज आहे. त्याच्या बदल्यात समुद्राने पुढच्या वर्ष-दोन वर्षांत ओढावा असा वायू दाखवला जातो. तो अंदाजाचा आहे, उद्याचा आहे. मापलेला सुका खजूर आणि झाडावरचा ओला खजूर यांचाच हा नवा अवतार नव्हे काय? अंदाज चुकला तर धूर मात्र हवेत कायम राहील.

आणखी एक गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. आजोबांच्या दुकानात गिऱ्हाइकाची नजर तराजूच्या काट्यावर असे. माप कमी आले तर नुकसान त्याचे होई, म्हणून तो जागा राही. दुकानदाराच्या इमानाइतकाच गिऱ्हाइकाच्या नजरेनेही बाजार सरळ चाले. समुद्राच्या या बाजारात ती नजरच नाही. विकणाऱ्याला मोठा आकडा हवा, कारण पैसा जास्त मिळतो. घेणाऱ्यालाही मोठा आकडा हवा, कारण त्याच्या वहीतला धूर जास्त वजा होतो. दोघांचा लोभ एकाच बाजूला झुकलेला. प्रमाणपत्र देणारी संस्था विक्रेत्याकडून फी घेते, ही जुनी तक्रार. अलीकडे काही संस्था ती खरेदीदाराकडून घेऊ लागल्या. हे बरे झाले, पण पुरेसे नाही, कारण खरेदीदारही निर्हेतुक नाही. ज्याचे नुकसान होणार तो या सौद्यात हजरच नसतो. तो आहे समुद्र, किनाऱ्यावर जाळे टाकणारा मच्छीमार आणि अजून जन्माला न आलेला नातू.

जो हजर नाही, त्याचा हक्क म्हणजे अमानत. कुराणात मापात पाप करणाऱ्यांच्या नावाने एक स्वतंत्र सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे लोक तिचा विषय आहेत. आजवर आपण ती वाण्याच्या तराजूपुरती वाचली. साऱ्या मानवजातीच्या तराजूलाही ती लागू पडते, असे आता वाटते.

येथे एक हरकत कोणीही घेईल आणि ती रास्त आहे. अचूक माप हाती येईपर्यंत थांबायचे म्हटले तर कधीच काही होणार नाही. हवा तापते आहे. उद्या सारे धुराडे बंद झाले तरी आधी सोडलेला वायू उरणारच, तो काढण्याचे उपाय आजच शोधावे लागतील. पैसा कोणी दिला नाही तर हे शोधकाम होणार कसे? आइसलँडच्या समुद्रात चुनखडी लावलेला लाकडाचा चुरा टाकणारी रनिंग टाइड ही अमेरिकन कंपनी २०२४ साली बंद पडली. पुरेसे खरेदीदार मिळाले नाहीत, असे तिने सांगितले. तिच्या पद्धतीबद्दल शास्त्रज्ञांत गंभीर शंका होत्या, हे खरे. पण केवळ बाजारावर सोपवलेल्या कामाचे असे होते, हेही खरे.

म्हणून मला वाटते, उत्तर बंदीत नाही. ते अरायामध्ये आहे. गरज खरी आहे, तेव्हा अंदाजाला मुभा द्यावी, पण लहान प्रमाणात आणि शिकण्यासाठी. समुद्रात काम करणाऱ्यांना कामाची मजुरी द्यावी. किती टन ओढले यावर नव्हे, किती नीट मोजले आणि किती खरे सांगितले यावर. मजुरी घेणाऱ्याला फसलेला प्रयोग लपवावा लागत नाही. माल विकणाऱ्याला तो मोह होतो. टनाचे प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर शंकेचा सगळा भार विक्रेत्याच्या पारड्यात टाकावा. प्रतिमान शंभर ते दोनशे टनांच्या मध्ये कोठेतरी म्हणत असेल, तर शंभराचेच प्रमाणपत्र द्यावे. नव्या नियमावल्यांत अनिश्चिततेपोटी काही टन वजा करण्याची तरतूद आली आहे, ही त्याच दिशेची सुरुवात आहे. आणि जे टळू शकते अशा धुराची वजावट या क्रेडिटने करू देऊ नये. ज्याने खजूर मापून खाल्ला, त्याने मापूनच परत करावा.

शेवटी एक गोष्ट विचारण्याची. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात सेंट आइव्हज येथे असाच भुकटीचा प्रकल्प येऊ घातला होता. २०२३ साली शेकडो लोक किनाऱ्यावर जमले आणि त्यांनी विरोध केला. पुढे सरकारी यंत्रणेने तपासणी करवली, तिला सागरी जीवांना असलेला धोका कमीच वाटला. तरी २०२५ साली कंपनीने तो बेत सोडला. लोकांची तक्रार केवळ भुकटीची नव्हती. आमच्या समुद्राचे तुम्ही काही ठरवता आणि आम्हांला उशिरा कळते, ही होती. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही म्हणून त्याला विचारण्याची गरज नाही, असे होत नाही. मालक नसलेल्या वस्तूचे राखणदार सगळेच असतात. उद्या कोकणाच्या किनाऱ्यावर असे कोणी आले, तर मच्छीमार सोसायटीने त्याला तीनच प्रश्न विचारावेत. किती मोजले आणि किती अंदाजले? अंदाज चुकला तर भरपाई कोण करणार? आणि या क्रेडिटच्या बदल्यात कोणाचा धूर माफ होणार?

आजोबा गेले, दुकान बंद झाले. खोक्यातली वजने अजून घरी आहेत, शिक्के पुसट झाले आहेत. मी ती कधीकधी हातात घेऊन पाहतो. त्यांच्या तराजूत समुद्र मावला नसता, हे उघड आहे. पण शंका कोणाच्या बाजूला ठेवायची हे ठरवायला समुद्र तोलावा लागत नाही. तेवढे तर आपल्या हातात आहे.